झेडपीची शाळा, चार चालू कॉम्प्युटर, ३८ पोरं... सहावी-सातवीला नेमकं काय शिकवू?

जालन्याची_बाई

नमस्कार मंडळी. मी जालना जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, सहावी-सातवीला गणित-विज्ञान माझ्याकडे. आधीचे सर बदलून गेले आणि यंदापासून संगणकाचा तासही माझ्याकडे आलाय. प्रत्येक वर्गाला आठवड्याला दोन तासिका. दोन्ही वर्ग मिळून पट ३८. खोलीत कॉम्प्युटर आठ आहेत पण चालू चारच, बाकीचे कपडा टाकून झाकून ठेवलेत. ग्रामपंचायतीने दिलेला एक स्मार्ट टीव्ही आहे. लाईट सकाळी असते, दुपारचा भरवसा नाही. नेट म्हणजे माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट.

अडचण अशी की मागच्या वर्षीच्या वह्या चाळल्या तर सगळीकडे तेच, संगणकाचे भाग किती व कोणते, इनपुट साधने लिहा, यूपीएसचं पूर्ण रूप लिहा. पोरांना ते तोंडपाठ आहे, खाडखाड म्हणून दाखवतात. परवा मी सांगितलं की आपलं नाव टाईप करा, फाईल सेव्ह करा, मशीन बंद करा आणि परत चालू करून तीच फाईल उघडून दाखवा. एकालाही जमलं नाही. एक पोरगी म्हणाली बाई, बंद केल्यावर ते पुसलंच ना. म्हणजे फाईल कुठेतरी राहते, तिला एक जागा असते, हेच कधी कुणी सांगितलेलं नाही. आणि हीच पोरं घरी मोबाईलवर रील बघतात, फ्री फायर खेळतात, पुण्याला असलेल्या काकाला व्हिडिओ कॉल लावून आजीच्या हातात देतात. हुशारीला काहीच कमी नाही, शिकवणंच वहीत अडकलंय असं मला वाटतं.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. शिकवायचं काय आणि कुठल्या क्रमाने? चार मशीनवर एवढी पोरं कशी बसवायची? आणि पालक सभेत हमखास विचारतात की इंग्लिश मीडियमची पोरं कोडिंग शिकतात, आमची का नाही, त्यांना काय सांगू? आता तर एआयचंही विचारायला लागलेत. ज्यांनी स्वतः वर्गात केलंय त्यांनी सांगितलं तर फार बरं होईल, नुसत्या लिंका नकोत कारण व्हिडिओ बघायला इथे रेंजच नसते.

---

जावळीचा_मास्तर

बाई, पहिले दोन-तीन आठवडे मशीनला हात लावू नका. हे मी मशीन कमी आहेत म्हणून सांगत नाहीये, चाळीस असते तरी हेच सांगितलं असतं. कॉम्प्युटर सांगितलेलं काम कसं करतो हे पोरांना आधी अंगाने कळू दे, मग पडद्यावर जे दिसतं त्याचा अर्थ लागतो.

माझ्या वर्गात सुरुवात आकड्याच्या खेळाने होते. मी मनात १ ते १०० मधला एक आकडा धरतो, पोरांनी फक्त हो-नाही उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. आधी सगळे ४२ का, १७ का, ९९ का करत बसतात. मग कोणीतरी विचारतं, सर ५० पेक्षा मोठा आहे का, आणि तिथून वर्ग बदलतो, कारण एका प्रश्नात निम्मे आकडे बाद झाले हे सगळ्यांना दिसतं. सात प्रश्नांत कुठलाही आकडा सापडतोच, दोनाचा सातवा घात १२८, शंभराच्या वर. मग विचारायचं की १ ते १००० असेल तर? बहुतेक पोरं सत्तर म्हणतात. उत्तर दहा आहे आणि ते का दहा आहे हे शोधायला अख्खी तासिका द्या, घाई करू नका. घातांकही झाला, आणि लाखो नोंदींतून एक नाव क्षणात कसं सापडतं तेही कळलं.

दुसरा खेळ सूचना देण्याचा. एका पोराने मास्तरला दारापासून फळ्यापर्यंत न्यायचं, पण फक्त कागदावर लिहिलेल्या सूचनांनी. पोरगं लिहितं पुढे जा. मी चालतो आणि बेंचवर आदळेपर्यंत थांबत नाही, कारण थांब लिहिलेलंच नाही. पोरं ओरडतात सर थांबा थांबा, मी म्हणतो कागदावर दाखवा. मग दुसऱ्या कागदावर येतं पाच पावलं पुढे, उजवीकडे वळा, तीन पावलं. मग मी दाराऐवजी खिडकीपासून सुरुवात करतो आणि सगळं बिघडतं. तेव्हा कोणीतरी लिहितं, जर समोर बेंच असेल तर डावीकडे वळा नाहीतर पुढे. अट आली, पुन्हा पुन्हा करणं आलं, चूक शोधून दुरुस्त करणं आलं. तुमच्या पालकांना हेच सांगा की हे कोडिंगच आहे, फक्त मशीन अजून चालू केलेलं नाही.

तिसरा मैदानावरचा. फक्कीने वाटा आखायच्या, सहा पोरं सहा वाटांवर उभी, प्रत्येकाच्या हातात एक आकडा. वाटा जिथे भेटतात तिथे दोघांनी आकडे बघायचे, लहान डावीकडे, मोठा उजवीकडे. शेवटी सगळे आपोआप चढत्या क्रमाने उभे राहतात. पाचवीची पोरंसुद्धा परत परत खेळायला मागतात. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या लोकांनी १९९० च्या दशकात असे मशीनशिवायचे खेळ गोळा करायला सुरुवात केली, आज जगभर ते वापरतात. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकवाल्यांच्या संस्थेने २०१६ ला सीएसपाठशाला सुरू केलं, त्यांचे पहिलीपासून इयत्तावार पाठ आहेत, बरेचसे कॉम्प्युटरशिवाय होणारे, एकदा तालुक्याला गेलात की उतरवून घ्या. तेच लोक बेब्रास नावाची स्पर्धा भारतात घेतात, मूळची लिथुआनियाची, २००४ पासूनची. कोड्यांसारखे प्रश्न असतात, आधी काही शिकलेलं असायला लागत नाही, मराठीतूनही देता येते. माझ्या शाळेतली पोरं त्या कोड्यांवर शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्तेच्या पेपरपेक्षा जास्त भांडतात.

मशीनवर बसवायचं म्हणाल तर वर्ग दोन भागांत करा. निम्मे जमिनीवर कागदाचं काम करतील, निम्मे मशीनवर. एका मशीनला दोघं, फार तर तिघं, त्याच्या वर नको. एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याने फक्त बोलायचं, बोट लावायचं नाही. दहा मिनिटांनी अदलाबदल, आणि घड्याळ तुमच्या हातात ठेवा, नाहीतर माऊस कायम त्याच दोन-तीन मुलांकडे राहतो आणि मुली मागून बघत राहतात. हे मी बऱ्याच शाळांत बघितलंय आणि मला ते फार लागतं.

---

रिपेअरवाला_नाशिकरोड

मास्तरांनी सांगितलं ते भारीच. मी मशीनचं सांगतो, माझा धंदाच तो आहे.

झाकून ठेवलेल्या चारमधली दोन तरी उठतील असं माझं मत. पण उघडायच्या आधी मुख्याध्यापकांना विचारा आणि डेडस्टॉक रजिस्टर (शाळेच्या सामानाची नोंदवही) बघा, नाहीतर उद्या तपासणीला कोणी आलं तर तुमच्यावर यायचं. परवानगी मिळाली की स्विच बंद, वायर काढा, कॅबिनेट उघडा आणि आधी धूळ काढा, सुक्या ब्रशने. चालू होऊन नुसते बीप वाजत असतील तर रॅम काढून तिची सोनेरी पट्टी खोडरबराने हलकी घासा आणि परत घट्ट बसवा, गावाकडच्या निम्म्या तक्रारी एवढ्यावर जातात. तारीख दरवेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल बदला, किराणा दुकानातसुद्धा मिळतो. अजिबातच हूं की चूं नाही तर बहुतेक पॉवर सप्लाय गेलेला, दोन मेलेल्या मशीनचं एक जिवंत करता येतं. आणि अर्थिंग तपासून घ्या हे हात जोडून सांगतो, पोरं अनवाणी असतात.

आता त्यावर बहुतेक विंडोज ७ असेल. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० ला संपला, १० चाही ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनवर ११ चढणार नाही. हलकं लिनक्स टाका, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम, वर लिब्रेऑफिस टाका, वर्ड-एक्सेलसारखी कामं त्यात होतात. लिनक्स म्हटलं की मास्तर लोक घाबरतात पण केरळ बघा, तिथे आयटी अ‍ॅट स्कूल २००१ ला सुरू झालं आणि गेली कित्येक वर्षं सरकारी शाळा फुकटच्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, आता काईट नावाची सरकारी संस्था ते बघते, शिक्षकांना ट्रेनिंग तीच देते, पोरांचे लिटल काईट्स नावाचे क्लबसुद्धा आहेत. त्यांनी लायसन्सचा पैसा वाचवला आणि शिक्षक तयार करण्यावर जोर दिला. आपल्याकडे उलटं होतं, आधी टीव्ही येतो, प्रोजेक्टर येतो, फीत कापली जाते आणि मग शिकवणार कोण हे शोधतात.

आणि एक खास गोष्ट. लिब्रेऑफिसच्या रायटरमध्येच, म्हणजे वर्डसारख्या लिहायच्या भागात, लोगो येतं, लिब्रेलोगो नाव, नेट लागत नाही. लोगो म्हणजे १९६७ पासूनची भाषा, कासव पडद्यावर फिरतं आणि मागे रेघ सोडतं. फॉरवर्ड १००, राईट ९०, असं चार वेळा केलं की चौकोन. तुमचं गणित आहे म्हणून सांगतो, पोरांना म्हणा आता समभुज त्रिकोण काढा. सगळी ६० टाकतात कारण त्रिकोणाचा कोन ६० असतो हे पाठ आहे. त्रिकोण होतच नाही, रेघ भलतीकडे जाते, तीच सूचना सहा वेळा दिली तर षटकोन तयार होतो. मग कासवाला प्रत्यक्षात किती वळावं लागतं हे पोरांनी स्वतः जमिनीवर चालून बघायचं, तेव्हा कळतं की वळायचं १२० आहे, बाहेरच्या कोनाएवढं. बाह्यकोनांची बेरीज ३६० हे फळ्यावर लिहून देण्यापेक्षा कितीतरी पक्कं बसतं.

---

कोथरूडची_आई

बाई, त्या कोडिंगवाल्या पालकांना माझ्याकडून सांगा. माझी मुलगी पुण्यात सीबीएसईला, सहावीत. ऑनलाईन कोडिंग क्लास लावला होता, कुठला ते सांगत नाही, फी भरताना हात थरथरला एवढंच सांगते. रंगीत ठोकळे ओढून गेम बनवला, सर्टिफिकेट आलं, सगळ्या नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकलं. आता शाळेने सांगितलं की प्रोजेक्ट पीडीएफ करून मेल करा तर तिला फाईल जोडता येत नव्हती, विषयाच्या ओळीत काय लिहायचं ते माहीत नव्हतं. त्या जावळीच्या सरांचा बेंचवर आदळायचा खेळ मी काल घरी केला. ती दीड तास सूचना लिहीत होती, पोळी कशी खायची याच्या. मला खरंच वाटतं की तुमच्या वर्गातल्या पोरांचं काहीही कमी पडणार नाही.

---

लीड्सकर

मी इंग्लंडात प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, मूळ कोल्हापूरची. इथे काय झालं ते सांगते, कारण तुमचा प्रश्न इथे पूर्ण देशाने विचारला होता.

आधी इथे आयसीटी नावाचा विषय होता. मुलं वर्षानुवर्षं वर्ड, पॉवरपॉइंट, एक्सेल. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटी या इथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेचा अहवाल आला, त्यात हे शिकवणं फारच तोकडं आहे असं स्पष्ट सांगितलं. सप्टेंबर २०१४ पासून आयसीटी काढून कॉम्प्युटिंग आणलं. आता पाच वर्षांच्या मुलांना अल्गोरिदम म्हणजे काय, म्हणजे कामाच्या क्रमाने दिलेल्या सूचना, हे शिकवतात, मधमाशीसारखा एक छोटा रोबो असतो, पाठीवर बाण दाबले की तो तेवढी पावलं चालतो. अगदी तुमच्या जावळीच्या सरांसारखंच, फक्त इथे सरांच्या ऐवजी रोबो आदळतो.

पण दुसरी बाजूही सांगते. दहावीच्या तोडीची जी जीसीएसई परीक्षा असते तिथला आयसीटी विषय बंद झाला, शेवटची परीक्षा २०१८ ला झाली, आणि उरला फक्त कॉम्प्युटर सायन्स. तो अवघड आणि प्रोग्रॅमिंगवर भर असलेला, त्यामुळे मुली खूप कमी झाल्या. रोजच्या कामाचं कॉम्प्युटर, म्हणजे तक्ता करणं, माहिती शोधून ती खरी का खोटी बघणं, नीट मेल लिहिणं, हे बऱ्याच मुलांचं राहून जायला लागलं आणि आता इथे त्यावर पुन्हा चर्चा चाललीय. म्हणून कोडिंग एके कोडिंग करू नका. बाईंच्या त्या मुलीला फाईल कुठे राहते हे कळणं तितकंच महत्त्वाचं आहे.

---

सांगली_टायपिंग

माझं टायपिंग इन्स्टिट्यूट आहे, जीसीसी-टीबीसी या सरकारी टायपिंग परीक्षेची मुलं तयार करतो. मराठी टायपिंग सहावीतच सुरू करा आणि इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरलेली बटणांची मांडणी, शिकवा. विंडोजमध्ये आणि लिनक्समध्येही हा कीबोर्ड आधीपासून असतो, सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडायचं, वेगळा फाँट नको, काही विकत घ्यायचं नाही.

शिकवायला इतका सोपा आहे की लोकांना खरं वाटत नाही. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क च्या बटणावर शिफ्ट दाबला की ख, ग वर शिफ्ट की घ, त वर थ, प वर फ. पोरांना बाराखडी येत असेल तर अर्धा कीबोर्ड त्यांना येतोच. जोडाक्षर कसं होतं तेही दिसतं, क, मग पाय मोडायचं बटण, मग ष, झाला क्ष. ज्या पोरांचं शुद्धलेखन कच्चं असतं त्यांचंही सुधारतं कारण ऱ्हस्व का दीर्घ हे ठरवल्याशिवाय बोट पुढे जात नाही.

---

ठाणे_लोकल

सांगलीवाले सर, आदर ठेवून सांगतो, आता बोलून टाईप होतं, मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत लिहिलं की मराठी उमटतं. पोरांचा वेळ इन्स्क्रिप्टमध्ये का घालवायचा? आठवड्याला दोनच तासिका आहेत बाईंकडे.

---

सांगली_टायपिंग

बोलून टाईप करायला नेट लागतं बहुतेक ठिकाणी, बाईंनी वरच लिहिलंय की रेंज नाही. आणि इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायचं तर झेडपीच्या पोराला आधी इंग्रजी स्पेलिंगचा आधार घ्यावा लागतो, स्वतःच्या भाषेत लिहायला. हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. तासिकेतली शेवटची दहा मिनिटं दिली तरी वर्षात हात बसतो. आणि मशीन नसेल त्या दिवशी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून द्या, बोटं तर बसतील.

---

शाखेतला_माणूस

मी मराठवाड्यातच एका बँकेच्या ग्रामीण शाखेत आहे. बाई, बाकी सगळं शिकवा, पण फोनचं शिकवल्याशिवाय वर्ष संपवू नका. कृपा करून.

असर २०२४ ची पाहणी आहे, देशभरच्या ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाची. १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यातल्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलं होतं आणि ७६ टक्के सोशल मीडियावर होती. म्हणजे तुमच्या खोलीत चार कॉम्प्युटर असतील पण बहुतेक घरांत एक कॉम्प्युटर आधीच पोचलाय, आणि घरातलं सगळ्यात जाणतं माणूस म्हणजे तुमची ही सातवीतली पोरं. बापाचा फोन पोरगंच चालवतं, खात्यातली शिल्लक पोरगंच बघून सांगतं. फसवणारा फोन करतो बापाला आणि बाप फोन देतो पोराला, बघ रे काय म्हणतोय.

माझ्यासमोर टेबलापलीकडे बसून रडलेली माणसं मी बघितलीत. कापसाचे पैसे आलेले आणि दुसऱ्या दिवशी गेलेले. त्यामुळे ह्या चार गोष्टी पोरांच्या डोक्यात पक्क्या बसवा. यूपीआयचा पिन पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही, पैसे येणारेत पिन टाका असं कोणी म्हटलं की फोन ठेवायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून, पीएम किसान म्हणून, गाडीचं चलन म्हणून फाईल येते आणि नावाच्या शेवटी एपीके असतं, ती पत्रिका नसते, ते अ‍ॅप असतं, ते बसलं की तुमचे ओटीपी तिकडे जातात. (तुमच्या त्या फाईलच्या धड्यात हे घ्या बाई, फाईलच्या नावाचा शेवटचा तुकडा वाचायला शिकवा. डॉक, पीडीएफ, जेपीजी, एपीके. सगळ्यात उपयोगी धडा होईल.) कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधून लावायचा नाही, पासबुकाच्या मागे किंवा कार्डावर असतो तो घ्यायचा. आणि पैसे गेलेच तर रडत बसायच्या आधी १९३० या सरकारी हेल्पलाईनला फोन, लगेच, त्याच तासात. जितक्या लवकर तक्रार तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वरही करता येते. १९३० भिंतीवर रंगवून घ्या, पाढ्यांच्या शेजारी.

वर्गात नाटक बसवा. एक पोरगं फसवणारा, एक आजोबा, एक नात. पोरं असली नाटकं फार मनापासून करतात आणि घरी जाऊन खऱ्या आजोबांना सांगतात.

---

जावळीचा_मास्तर

शाखेतल्या साहेबांच्या पोस्टमध्ये एक भर घालतो. मुलींना फोटोवरून, अनोळखी मेसेजवरून त्रास होतो तेव्हा त्या घरी सांगत नाहीत कारण पहिला परिणाम म्हणजे फोन काढून घेतात, आणि कधीकधी शाळाच बंद होते. म्हणून पालक सभेत आईवडिलांनाच सांगा की पोरीने सांगितलं तर आधी ऐकून घ्या, ओरडू नका, मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. आणि १०९८ हा लहान मुलांसाठीचा नंबर पोरांना पाठ पाहिजे. ब्लॉक कसं करायचं, प्रोफाईल प्रायव्हेट कसं ठेवायचं, पासवर्ड कसा बदलायचा, हे स्मार्ट टीव्हीवर तुमच्या फोनची स्क्रीन दाखवून शिकवता येतं, एका तासात होतं.

---

जालन्याची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार, मला एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आकड्याचा खेळ आज सातवीला घेतला. सत्तरच म्हणाली पोरं! दहा निघाल्यावर एक जण लगेच म्हणाला बाई मग लाख असेल तर? मी उत्तर दिलं नाही, उद्या घरून करून आणा म्हटलं.

मुख्याध्यापकांशी बोलले. ते म्हणाले डेडस्टॉकमध्ये नोंद बघू, आणि गावातला एक मुलगा आयटीआय झालाय तो येऊन उघडायला तयार आहे. त्याला रबर-ब्रशचं वाचून दाखवलं, तो म्हणाला बरोबर आहे.

एक कल्पना आहे, कशी वाटते सांगा. शाळेत पर्जन्यमापक आहे, विज्ञानात बाटलीचा आम्हीच केलेला. पोरं रोज सकाळी पाऊस मोजतात आणि भिंतीवर लिहितात. तो लिब्रेऑफिसच्या तक्त्यात घालायचा, रोज दोन पोरं, पाळीपाळीने. बेरीज, सरासरी, आलेख, सगळं त्यातच शिकवता येईल आणि फाईल रोज उघडायची, सेव्ह करायची म्हणजे ती कुठे राहते हा प्रश्नच सुटेल.

एआयचं मात्र कुणी नीट सांगितलं नाही. पालक विचारतातच.

---

रिपेअरवाला_नाशिकरोड

पावसाची कल्पना एक नंबर. फाईलचं नाव सालासकट द्या आणि पेनड्राईव्हवर कॉपी ठेवा, आठवड्यातून एकदा. बॅकअप काय असतो हे पोरांना तिथेच शिकवा.

---

लीड्सकर

एआयचं मी सांगते. पोरांची खाती उघडू नका. बहुतेक कंपन्यांच्या नियमात तेराच्या आतल्या मुलांना परवानगी नसते, आणि आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा तर अठराच्या आतल्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची संमती मागतो. तुमच्या स्वतःच्या फोनवर चालवा आणि टीव्हीवर दाखवा, एका तासाला हॉटस्पॉट पुरेल.

पोरांनाच प्रश्न ठरवू द्या, पण तुमच्या गावाबद्दलचे. गावची जत्रा कधी असते, नदी कुठली, शाळा कधी सुरू झाली. ते यंत्र खूप आत्मविश्वासाने काहीतरी सांगेल आणि त्यातलं बरंच चुकीचं असेल. पोरांनी वहीत दोन रकाने करायचे, यंत्र काय म्हणालं आणि खरं काय, आणि खरं काय ते ग्रामपंचायतीत, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही), म्हाताऱ्या माणसांना विचारून शोधायचं. ते वाचलेल्या मजकुराच्या आधारे पुढचा शब्द कोणता येईल हे ठरवत जातं, तुमच्या गावाबद्दल त्याने फारसं काही वाचलेलंच नाही, हे सातवीच्या पोराला सहज समजतं. पालकांनाही त्या तासाला बोलवा.

---

जालन्याची_बाई

हे फार आवडलं, जनरल रजिस्टर तर आमचं १९५० च्या दशकापासूनचं आहे. पालकांना बोलावते.

नाशिकवाले दादा, एक अडचण आली. त्या आयटीआयवाल्या मुलाने एका मशीनवर लिनक्स टाकून दिलं, लिब्रेऑफिस चालतंय, पण रायटरमध्ये ते लोगोचं कासव कुठेच दिसत नाहीये. व्ह्यू मध्ये टूलबार्सची यादी पूर्ण बघितली.

---

रिपेअरवाला_नाशिकरोड

लिनक्सवर तो भाग वेगळा येतो ताई. पॅकेजमध्ये लिब्रेऑफिस-लिब्रेलोगो नावाने शोधा आणि टाका, हॉटस्पॉटवर लगेच उतरेल. मग रायटर पूर्ण बंद करून परत उघडा, व्ह्यू, टूलबार्स, लोगो. सूचना पानावर लिहायच्या आणि त्या पट्टीवरचं चालू करायचं बटण दाबायचं. नाही जमलं तर त्या मुलाला इथेच लिहायला सांगा, मी रात्री नऊनंतर दुकान बंद करून बघतो.